काशीरामदादांच्या कवितेखाली

२३ जुलै

ही डायरी आमच्याच लॉन्सची. गिऱ्हाइकांना वाटायला दरवर्षी छापतो. वर सोनेरी अक्षरांत लॉन्सचं नाव आणि आत पहिल्याच पानावर आमच्या ह्यांचा फेटा बांधलेला फोटो. दोन खोकी उरली आहेत. फोटोमुळेच उरली असणार, पण ते ह्यांना सांगायची सोय नाही. म्हटलं, वाळवी खाण्यापेक्षा आपण लिहू.

लिहायला झालंय काय, तर काही नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नाहीत. बुकिंगच्या ऑफिसात मी आणि पंखा. सून म्हणाली, "मम्मी, दिवसभर रील्स बघून डोळे खराब करताय, त्यापेक्षा हा ग्रुप बघा." ही रिया बोलते कमी पण बोलली की कामाचं बोलते. फेसबुकवरचा ग्रुप आहे, 'खाडीकाठची कविता'. पनवेल-उरणकडची माणसं आपल्या कविता टाकतात आणि बाकीचे खाली कमेंट लिहितात. चालवणाऱ्या चारुताताई नवीन पनवेलच्या. त्यांचा नियम एकच, नुसतं 'छान' आणि 'वाह' लिहायचं नाही. काय आवडलं ते लिहायचं.

मी दहावी. कवितेचा आणि माझा संबंध शाळेतल्या पाठांतरापुरता, तोही मार खाऊन. बघू म्हटलं.

२६ जुलै

आज ऑफिसात रडले. पाण्याचे जार टाकणारा आला तेव्हा डोळ्यात कचरा गेल्याचं सोंग केलं.

शिरढोणचे कोणी काशीराम घरत आहेत. जासईला कंटेनरच्या यार्डात नोकरी केली, आता रिटायर. त्यांची कविता:

मिठागर विकलं तेव्हा
बापानं फक्त फावडं घरी आणलं.
अजून दाराआड उभं आहे.
त्याला वाटतं,
भरती आल्यावर कोणीतरी हाक मारेल.

संपली. एवढीच. मला आधी वाटलं खाली अजून असेल, म्हणून बोटाने वर सरकवत बसले. आमचं लॉन्स उभं आहे तिथे भात व्हायचा. सासरे वारले त्या वर्षी ह्यांनी भराव टाकला. सासऱ्यांचं शेतात पावसात पांघरायचं इरलं गोडाऊनमध्ये डेकोरेशनच्या सामानात पडलं आहे, मी ते कधी टाकून देऊ दिलं नाही आणि का देत नाही ते मला सांगता आलं नाही. ह्या माणसाने पाच ओळींत सांगितलं.

दोन तास खपून कमेंट लिहिली. इरल्याचं लिहिलं. टाकली आणि लगेच फोन उलटा ठेवला, जसं काही चोरी केली.

२७ जुलै

काशीराम घरतांचं उत्तर आलं. "ताई, तुमी कवितेच्या आत जाऊन बसलात. आभारी आहे." खाली बऱ्याच जणांचे बदाम.

मी ते रियाला वाचून दाखवलं. मग ह्यांना. हे म्हणाले, "त्यांना सांग, पोराचं लगीन असेल तं डिस्काउंट देऊ." ह्या माणसाचं काय करावं.

११ ऑगस्ट

मध्ये लिहिलं नाही कारण ग्रुपवरच लिहीत होते. रोज कविता वाचते. खूप जणांच्या वाचते, काहींच्या तर वाचवत नाहीत. एक गृहस्थ रोज सकाळी आईवर लिहितात आणि रोज सकाळी त्यांची आई वारते. पण काशीरामदादांची कविता आली की मी चहा बाजूला ठेवते. परवाची:

कंटेनर उघडला तर आत
परक्या देशाची हवा होती.
मी माल बघितला, सही केली.
हवा कोणाची, ते विचारलं नाही.

चारुताताईंनी मला 'महिन्याची रसिक' केलं. ग्रुपवर माझा फोटो लावला. हा रियाच्या बारशाच्या वेळचा फोटो, म्हणजे तिच्या मुलाच्या. हिरव्या साडीतला. हे तो फोटो बघून म्हणाले, "काय गो, कशात नंबर काढलास?" म्हटलं, वाचण्यात. "वाचन्यात पन नंबर असतो?" असतो म्हटलं. आमच्या घरात मला पहिल्यांदाच कशात तरी नंबर मिळाला आणि तो कशात ते कुणाला समजलं नाही.

२९ ऑगस्ट

दादांनी नवीन काहीतरी सुरू केलं आहे.

भिंतीवरचं ते,
ज्यात ती केस बघून बाहेर पडायची,
त्यात आता मी एकटाच राहतो.

आरसा म्हटलंच नाही! मी लिहिलं, वस्तूचं नाव न घेता वस्तू समोर उभी केली, कारण बायको गेलेल्या माणसाला आरसा हा आरसा राहतच नाही. चारुताताईंनी माझी कमेंट वर पिन केली. दादांनी नुसता हात जोडल्याचा ईमोजी टाकला. पूर्वी चार ओळी लिहायचे. मोठ्या माणसाला किती वेळा आभार मानायला लावायचं?

४ सप्टेंबर

गणपतीची साफसफाई चालली आहे, तरी बसून लिहिते, कारण आज दादांचा फोन आला. मीच नंबर दिला होता मेसेजमध्ये.

फार हळू बोलतात. एक शब्द बोलले की थांबतात. "ताई, आमी काल... गनपतीला ते... डोक्यावर..." मी म्हटलं, मखर? "हां, मखर." मग पुन्हा, "तुमचं ते, लगीन लावता ते..." लॉन्स? "हां हां." असं पंधरा मिनिटं. मला कंटाळा आला नाही, उलट बरं वाटलं. आमच्याकडे सगळे एकाच वेळी बोलतात. हा माणूस शब्द किती जपून वापरतो! कवी माणूस, आपल्यासारखी बडबड कशाला करेल.

आणि ओळ उचलायची तर मला माहेरपासूनच सवय. माझी आई भीमाबाई धवलारीण होती. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते, तिच्या गाण्यावर सगळे विधी चालतात. आई उतारवयात अडखळायची. मी मागे चिकटून बसलेली असायचे. ती थांबली की पुढचा शब्द मी उचलायचा, अशा बेताने की मांडवात कुणाला पत्ता लागू नये. आईची ताकीद होती, धवलारीण अडली हे कळलं तर तो लग्नाला अपशकुन. मी कधी कळू दिलं नाही. लग्नं लागली, आईचं नाव राहिलं.

दादा शेवटी म्हणाले, "तुमी वाचता म्हनून लिवतो." फोन ठेवल्यावर मी मखराला डिंक लावता लावता दोनदा हसले. रिया बघत होती.

२१ सप्टेंबर

ज्यातून पाणी पितात ते
हातातून पडलं.
आवाज झाला.
आवाजाला नाव होतं,
मला आलं नाही.

अहाहा. मी खरंच मोठ्याने अहाहा म्हटलं, समोर बुकिंगला आलेले लोक बसले होते. त्यांना वाटलं मी तारखेला म्हटलं.

पण आज डोकंही फिरलं. शांती नावाच्या कोणी बाई आहेत, कधी काही लिहीत नाहीत, आज खाली लिहितात काय, "काका, तब्येत बरी आहे ना? हाताला मुंग्या वगैरे येत नाहीत ना?" आता काय बोलावं. माणूस कविता लिहितोय आणि ह्या बाई मुंग्या विचारतात. मी लिहिलं, "शांतीताई, कविता वाचायची असते, तिची नाडी बघायची नसते." धडाधड बदाम आले. बाईंनी त्यांची कमेंट काढून टाकली.

दादांनी माझ्या ओळीला लाइक केलं. दुसरं काही नाही.

१४ ऑक्टोबर

दसरा झाला. डीजेवाल्यांच्या तारखा, केटरर्सच्या तारखा, फोन सारखा वाजतो. दादांच्या कविता कमी झाल्या आहेत. टाकतात त्या दोन ओळींच्या. एकीत तर टाइप करताना अक्षरंही इकडची तिकडे झाली होती. मी लिहिलं, ही घाईतली नाही, भरून आलेल्या माणसाची कविता आहे. एकाने मला विचारलं, 'तुम्हाला काशीरामदादांचं काहीच वाईट कसं दिसत नाही?' त्याला उत्तर दिलं नाही. त्याची आई रोज सकाळी वारते.

दोनदा फोन केला. उचलला नाही.

५ नोव्हेंबर

दिवाळीच्या गडबडीत ही कविता आली आणि मी बाकी सगळं विसरले. हाताने उतरवून ठेवावी म्हणून इथे लिहायला घेतली, पण त्याची गरजच नाही, पहिल्या वाचनात पाठ झाली. तरी लिहिते.

दारात ती आली,
माझीच.
नाव तेवढं आत राहिलं.
मी म्हटलं, ये.
ती आली, नावाशिवाय.

ही त्यांची सगळ्यात मोठी कविता. मी लिहिलं की ही बायकोची आठवण आहे, किंवा मरण आहे. मरणाला आपण नाव घेऊन बोलवत नाही आणि तरी ते आपलंच असतं. लिहिता लिहिता माझ्याच अंगावर काटा आला. चारुताताई म्हणाल्या, किशोरीताई, तुमच्या ह्या लेखांचं पुस्तक करू या. माझं पुस्तक! आईला अंगठ्यापुढे काही येत नव्हतं, तिच्या लेकीचं पुस्तक. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

१५ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही पण लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी ऑफिसात एक मुलगी आली. पस्तिशीची असेल, खांद्याला लॅपटॉपची बॅग. मला वाटलं बुकिंग. मी रजिस्टर उघडून विचारलं, हळद की लग्न? ती म्हणाली, "मी दिपिका. काशीराम घरतांची मुलगी. तुम्ही किशोरीताई ना?"

मी इतकी खूश झाले की उठून तिचे हात धरले. म्हटलं, अगं बस, दादा कसे आहेत, काय लिहितात ग तुझे वडील! तिने हात सोडवून घेतले.

"ती कविता आहे ना, दारात ती आली. ती मी होते."

मला कळलं नाही.

"मी ऑफिसातून आले. बाबा दारात बघत राहिले. त्यांना माझं नाव येईना. मी ओरडले, बाबा, मी दिपिका! ते म्हणाले, ये. आणि आत जाऊन मोबाईल घेऊन बसले. मी स्वयंपाकघरात रडत होते आणि तेवढ्यात तुम्ही लिहिलंत की ती मरण आहे."

मग तिने सगळं सांगितलं. उन्हाळ्यातच शब्द हरवायला लागले होते. आधी वस्तूंची नावं, मग माणसांची. उजव्या हातातून कप सुटायचे. ती तेव्हापासून पाठीशी लागली आहे की डॉक्टरकडे चला. "मी काही म्हटलं की मोबाईल उघडून तुमची कमेंट दाखवतात. किशोरीताई म्हणतात हे मुद्दाम आहे. किशोरीताई म्हणतात नाव न घेता लिहायचं. मला कळत नाही, तुम्हाला कळतं. त्या शांतीबाईंनी विचारलं तेव्हा मला वाटलं, आता तरी ऐकतील. तुम्ही त्यांना गप्प केलंत."

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं ग. ती म्हणाली, "तुम्ही फोनवर बोललात त्यांच्याशी. पंधरा मिनिटं."

काय सांगू तिला? की मला शब्द उचलायची सवय आहे? की मी असं उचलत गेले की त्यांना स्वतःलाही कळू नये? मी पाणी मागवलं. तिने घेतलं नाही. जाताना म्हणाली, "ते माझं ऐकत नाहीत. दुसऱ्या कुणाचंच ऐकत नाहीत. तुम्हीच त्यांना सांगा डॉक्टरकडे जायला. तेवढं करा."

१६ नोव्हेंबर

मेसेज केला. "दादा, कविता फार सुंदर आहे. पण एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, दिपिका काळजी करते." उत्तर आलं, "सुंदर". आणि हात जोडलेले. त्यांनी त्यातला तेवढाच एक शब्द उचलला.

फोन केला. उचलला, पण बोलले नाहीत, श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, दादा, डॉक्टर. ते म्हणाले, "कविता." मी म्हटलं, कविता चांगली आहे दादा, पण... आणि ते हसले. चांगली म्हटल्यावर पुढचं काय ऐकणार?

१७ नोव्हेंबर

आज आमच्याकडे पहिली हळद होती. लॉन्सवर बँजो वाजत होता आणि मी ऑफिसचं दार लावून बसले होते.

दिपिकाचा फोन आला. म्हणाली, "तुम्ही चांगली म्हणत राहिलात तर ते जाणार नाहीत. वाईट आहे म्हणा. ग्रुपवर म्हणा, सगळ्यांसमोर. तिथलंच त्यांना खरं वाटतं."

मी म्हटलं, ती वाईट नाही दिपिका. माझ्या आयुष्यात मी वाचलेली ती सगळ्यात चांगली कविता आहे.

ती म्हणाली, "मग राहू द्या. कविता राहू द्या, बाप जाऊ द्या."

तिने फोन ठेवला. तिच्या बापापुढे मी पाच ओळींचा विचार करत बसले होते, याची लाज वाटली. तरी हात चालेना. रिया आत आली, मला बघून दार पुन्हा लावून घेतलं आणि माझ्या बाजूला बसली. तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मम्मी, ते बरे झाले की खरं सांगा ना त्यांना."

मग लिहिलं. "काशीरामदादा, ही कविता जमलेली नाही. शब्द सापडले नाहीत म्हणून तुम्ही सोडून दिले आहेत. गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सगळ्याच कवितांत हे आहे. मी त्याला उगाच मोठं केलं, ती माझी चूक. हा प्रयोग नाही, ही कविताच नाही. शब्द का सापडत नाहीत ते आधी बघा. तोवर लिहू नका."

टाकलं.

ग्रुपवरचे लोक तुटून पडले. कोण म्हणतं पुस्तक निघणार म्हणून माज चढला, कोण म्हणतं माणूस आजारी वाटतो, त्याच्याशी असं बोलतात का. आजारी! हे आधी म्हणाला असतात तर. चारुताताईंचा फोन आला, मी उचलला नाही. बरंच झालं लोक ओरडले. मला कोणीतरी ओरडायला हवंच होतं.

संध्याकाळी दादांनी उत्तर दिलं. "बरं." मग ती कविता तिथून गेली. त्यांनी काढून टाकली. थोड्या वेळाने तेही ग्रुपमधून गेले.

१९ नोव्हेंबर

दिपिकाचा मेसेज. "आज स्वतःहून चप्पल घालून उभे राहिले. जातोय."

मला आनंद व्हायला हवा. झालाही. आणि चप्पल घालून उभे राहिलेले दादा डोळ्यांसमोरून हलेनात. मी त्यांना प्रत्यक्ष कधी बघितलं नाही, तरी.

२५ नोव्हेंबर

मेंदूत गाठ आहे. डाव्या बाजूला, बोलणं असतं तिथे. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने आधी आला असतात तर बरीच सोपी होती. दिपिकाने हे मला सांगितलं तेव्हा आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी काहीतरी बोलले असते.

दोन-तीन महिने आधी म्हणजे आरसा. मी आरशावर केवढं मोठं लिहिलं होतं.

२ डिसेंबर

शांतीताईंना शोधून मेसेज केला, माफी मागितली. त्यांचं लगेच उत्तर आलं. "अहो काही नाही. माझ्या सासऱ्यांचं अगदी असंच सुरू झालं होतं. तेही वस्तूंची नावं विसरायचे आणि आम्ही हसायचो. म्हणून विचारलं. मला कवितेतलं काही कळत नाही हो, तुमचंच बरोबर असेल."

फोन ठेवून भांडी घासायला बसले. बाई घासून गेली होती, तरी.

१२ डिसेंबर

ऑपरेशन मुंबईला झालं. जिवावरचं टळलं. बोलणं राहिलं नाही.

चारुताताई म्हणाल्या, ग्रुपवर काहीतरी लिहा, लोकांना खरं कळू द्या, तुमची बाजू तरी साफ होईल. मी म्हटलं, माझी बाजू कुठली? ग्रुपवर जाते, कविता बघते, खाली बोट नेते आणि परत आणते. कोणी लिहिलं, आज घर फार शांत आहे. मला वाटतं विचारावं, का हो, काय झालं? पाणी प्यायलात का? घरात कोणी आहे का? अशा कमेंटला ग्रुपवरचे काय म्हणतील ते मला चांगलं माहीत आहे. मीच म्हणायचे ते.

पुस्तकाला नाही म्हणून सांगितलं.

६ जानेवारी

आज जेवताना हे म्हणाले, "तो तुझा कवी कसा हाय आता?" मी घास तसाच ठेवला. इतके दिवस ह्यांना काही कळलं नाही असं मी धरून चालले होते. म्हटलं, घरी आणलंय, शिरढोणला. बोलता येत नाही. हे म्हणाले, "मंग जा ना बघायला." म्हटलं, कुठल्या तोंडाने जाऊ? हे थोडा वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "हाय त्याच तोंडानं जा. मी सोडतो गाडीनं."

लग्नाला एवढी वर्षं झाली, मी ह्या माणसाला किती वेळा मूर्ख म्हटलं असेल, ते देवाला ठाऊक. दिपिकाला विचारलं.

१२ जानेवारी

दिपिकाने दोन दिवसांनी 'या' असं लिहिलं होतं. आज दुपारी शिरढोणला गेलो. हे गाडीतच थांबले, म्हणाले, तुमचं कवितेचं असतं, मी काय करू आत. घर छोटं, स्वच्छ. दादा खिडकीशी खुर्चीत बसले होते. डोक्यावर केस नव्हते, एका बाजूला टाक्यांची लांब खूण. दिसायला फोटोपेक्षा लहान वाटले. उजवा हात मांडीवर ठेवलेला, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी तिथे ठेवलेला.

दिपिका म्हणाली, "बाबा, किशोरीताई आल्यात." त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळखलं की नाही, कळलं नाही. डोळे मात्र पूर्ण जागे होते.

मी खुर्ची ओढून समोर बसले. घरून ठरवून गेले होते काय बोलायचं, पाठही केलं होतं. म्हटलं, दादा, मी तुम्हाला ग्रुपवर लिहिलं ना, कविता जमली नाही म्हणून, ते खोटं होतं. तुम्ही डॉक्टरकडे जावं म्हणून लिहिलं. ती कविता चांगली होती. सगळ्यात चांगली होती.

ते बघत राहिले. मी ती म्हणून दाखवली. दारात ती आली, माझीच. दिपिका ओट्याशी चहा गाळत होती, तिचा हात थांबला. मी पूर्ण म्हटली, एकही शब्द अडला नाही. शेवटची ओळ झाल्यावर विचारलं, दादा, ऐकलंत ना? चांगली आहे ती. तुमचा विश्वास आहे ना माझ्यावर?

ते म्हणाले, "नाही."

स्पष्ट. इतका स्पष्ट शब्द त्यांनी फोनवर कधी उच्चारला नव्हता.

मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला. दादा, मला माफ करा. मला कळायला हवं होतं. मी तुमचे शब्द उचलत बसले आणि तुम्ही बुडताय हे बघितलं नाही. माफ कराल ना?

"नाही."

आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. मला रडू आवरेना. परक्याच्या घरात, पदर तोंडाला लावून, लहान पोरीसारखी रडले. दिपिका चहा घेऊन आली. वडिलांना म्हणाली, "बाबा, चहा?" ते म्हणाले, "नाही." आणि तिने कप ओठाला लावला तसे घटाघट प्यायले. तिने टॉवेलने त्यांची हनुवटी पुसली. "अजून देऊ?" "नाही." तिने अजून दिला. तोही प्यायले.

मला सोडायला ती दारापर्यंत आली. भेटल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. म्हणाली, "ताई, एवढा एकच शब्द उरलाय त्यांच्याकडे. सगळ्यालाच नाही म्हणतात. मनावर घेऊ नका."

मी मनावर घेतलं.